उजेडाची सवय

पोवळं म्हटलं की आपल्याकडे आधी मंगळ आठवतो. कुणाच्या तरी अनामिकेत लाल खडा, आणि "लग्न जमत नव्हतं, हा घातला आणि सहा महिन्यात जमलं" ही गोष्ट. आमच्या भातकुलीतही अशी बोटं बरीच आहेत. तर आधीच सांगून टाकतो, आजचं लिखाण त्या पोवळ्याबद्दल नाही. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारींत वाढणारं. त्याला उजेडाशी काही देणंघेणं नसतं. आज लिहायचंय ते त्याच्या लांबच्या भावकीबद्दल, म्हणजे उथळ, उबदार समुद्रातल्या प्रवाळांबद्दल. यांचा अख्खा संसार उजेडावर चालतो. आणि हा उजेड बदलला की त्यांचं काय होतं, ते मी एका घराच्या हॉलमध्ये बसून आठ महिने बघितलं.

आता भातकुलीच्या माणसाचा आणि प्रवाळाचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर लांब. नाही म्हणायला खारं पाणी मात्र आमच्याकडे घरबसल्या मिळतं. अमरावती, अकोला, बुलढाण्यातून पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यात आमचा तालुका येतो. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच. म्हातारी माणसं सांगतात, इथे पूर्वी समुद्र होता. होता की नव्हता ते भूगर्भवाले बघतील, पण पाहुण्यांचा पहिला चहा फसतो एवढं खरं.

तर २०२३ च्या सप्टेंबरात मी ऑनसाइट गेलो, न्यू जर्सीत, एडिसनला. तिथे आमच्याच गल्लीतला एक दादा वीस वर्षांपासून राहतो. त्याच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायला लागलो आणि वरच्या हॉलमध्ये ती टाकी भेटली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, साधारण साडेचारशे लिटर पाणी. आत मासे असे पाच-सहाच. बाकी सगळे प्रवाळ.

हे पुण्यात करायला मिळालं नसतं. भारतात २००१ पासून सगळ्या दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीतच. समुद्रातून उचलणं, विकणं, घरात ठेवणं, सगळं बंद. (आणि बरंच आहे ते.) अमेरिकेतले हौशी लोक मात्र टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे एकमेकांना देतात, विकतात. आपण कुंडीतल्या मनीप्लांटची फांदी शेजाऱ्याला देतो, अगदी तसं.

फोनवर माझ्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आपल्या विहिरीत टाक ना दोन-चार, फुकट खारं पानी!" विनोद चांगला होता, पण जमणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात कॅल्शियम चारशे मिलिग्रॅमच्या आसपास, ज्यातून प्रवाळ आपलं हाड घडवतो. आमच्या पाण्यात जोर सोडियमचा. त्यात चहा होत नाही, प्रवाळ कुठून होणार?

असो. मुद्द्यावर येतो.

प्रवाळ हा प्राणी. जेलीफिशच्या गोतावळ्यातला. एकेक पॉलिप म्हणजे तोंडाभोवती मिशा असलेली छोटीशी पिशवी. अशा शेकडो-हजारो पिशव्या चुन्याच्या एकाच सांगाड्यावर वाड्यासारख्या नांदतात. पण खरी गंमत त्यांच्या पेशींच्या आत आहे. तिथे एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली नावाचं, आणि तेही एका चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. हे भाडेकरू उजेड खाऊन साखर बनवतात आणि त्यातली बहुतेक घरमालकाला देतात. प्रवाळाच्या एकूण गरजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा कधीकधी या भाड्यातूनच निघते. (मी स्वतः भाडेकरू असल्याने हे वाचून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.)

आणि या भाडेकरूंचा रंग असतो तपकिरी. म्हणून निरोगी, पोटभर खाल्लेला प्रवाळ पुष्कळदा चक्क तपकिरीच दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दादाच्या टाकीवर आधी ट्यूबलाइट होत्या, टी-फाइव्ह म्हणतात त्या. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये त्याने एलईडीचे दिवे घेतले. आता आपल्याला वाटेल, दिवा बदलला, त्यात काय? पण एका हौशी माणसाकडून आम्ही उजेड मोजायचं यंत्र उसनं आणलं आणि मोजमाप काढलं. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजायचं एकक वेगळं असतं, मायक्रोमोलमध्ये. विषुववृत्ताकडच्या भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. दादाच्या जुन्या ट्यूबखाली वरच्या खडकावर १८०, तळाशी ६०. नवा एलईडी पूर्ण लावला तर त्याच वरच्या खडकावर ३९०. सरळ दुपटीच्या वर!

आणि इथे एक फसवणूक आहे. एलईडी पूर्ण लावूनही खोलीत उजेड आधीपेक्षा कमीच वाटत होता. कारण तो निळा होता. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला भुलतो, निळ्याची त्याला फारशी किंमत नाही. समुद्रात मात्र तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच संपतो आणि खोलवर पोचतो तो निळाच, त्यामुळे प्रवाळाच्या शैवालाला निळंच जेवण लाखो वर्षांपासून ठाऊक. म्हणजे आपल्या डोळ्याला जे मंद वाटतं, ते प्रवाळाला भाजणारं असू शकतं.

म्हणून हळूहळू वाढवायचं ठरलं. चाळीस टक्क्यांपासून सुरुवात, दर आठवड्याला पाच टक्के. नोंदी ठेवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. "तू इंजिनियर आहेस ना, एक्सेल कर!"

ऑक्टोबरात दादाचे बाबा आले होते. मी त्यांना काका म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली. काकू त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेल्या. चार एकर शेत बटईने देऊन, घराला कुलूप लावून काका आले, सहा महिन्यांच्या शिक्क्यावर. दादाला नुकतंच तिथलं नागरिकत्व मिळालं होतं. त्याच्या डोक्यात पक्कं होतं की बाबांचं ग्रीन कार्ड करायचं, त्यांनी आता इथेच राहायचं. "सहा महिन्यात सवय होऊन जाईल" हे वाक्य त्या घरात मी किती वेळा ऐकलं असेल याची नोंद एक्सेलमध्ये नाही.

डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारलाच सूर्य मावळतो. काका चारपासूनच टाकीपुढच्या खुर्चीवर येऊन बसायचे. त्या घरात तेवढ्याच जागी उजेड असायचा, हे एक कारण. हिरवी पेंडी दिसायला हवी होती, हे दुसरं. हे त्यांनीच एकदा सांगितलं. वेळापत्रक ऐकून ते म्हणाले, "बराबर हाये. मिर्चीचं रोप शेडनेटातून काहाडून एकदम उन्हात लावलं तं दोन दिवसात मान टाकते. आस्ते आस्ते दाखवा लागते ऊन त्याले." शेडनेटवाले सगळे हेच करतात. शेतकऱ्याला माहीत असलेलं ज्ञान मी तीन रात्री इंटरनेटवर शोधून मिळवलं होतं, ही गंमत वेगळीच.

प्रवाळ हा बदल कसा पचवतो? एकाच वेळी चार वेगळ्या वेगांनी, आणि हे मला सगळ्यात भारी वाटलं. आपल्याकडे सर्व्हरवर लोड आला तर आधी रिक्वेस्ट थोपवतात, मग सेटिंग बदलतात, मग मशिनं कमी-जास्त करतात, आणि अगदीच झालं तर अख्खी रचना नव्याने लिहितात. इथेही तसंच. पहिल्या काही मिनिटांत शैवालातली काही पिवळी रंगद्रव्यं रूप पालटतात आणि जास्तीचा उजेड उष्णता म्हणून सोडून देतात. हा झाला तात्पुरता बांध. मग काही दिवसांत शैवाल आपलं क्लोरोफिल कमी करतं: उजेड मुबलक आहे तर एवढ्या पाट्या कशाला मांडायच्या? मग काही आठवड्यांत भाडेकरूंची संख्याच बदलते आणि प्रवाळ स्वतःची रंगीत प्रथिनं तयार करायला लागतो. आणि आकार बदलायला महिने लागतात, कधी वर्षं.

१९८१ साली पॉल फाल्कोव्स्की आणि झ्वी डुबिन्स्की या दोघांनी लाल समुद्राच्या टोकाला, एलातच्या किनाऱ्यावर, एकाच जातीचे उन्हातले आणि सावलीतले प्रवाळ ताडून पाहिले होते. उन्हातले फिकट, सावलीतले गडद तपकिरी. सावलीतल्यांच्या शैवालात पेशीमागे क्लोरोफिल कितीतरी जास्त. त्यांचा तो शोधनिबंध आजही या विषयातला पाया मानला जातो. फाल्कोव्स्की पुढे रटगर्स विद्यापीठात आले, म्हणजे दादाच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर! मी त्यांना भेटायला वगैरे गेलो नाही, पण त्या रस्त्याने कॉस्टकोला जाताना उगाच बरं वाटायचं.

माझ्या एक्सेलमध्येही हेच उमटत गेलं. तळाशी असलेला, जवळजवळ चॉकलेटी झालेला एक मॉन्टिपोरा तिसऱ्या आठवड्यात विटकरी दिसायला लागला, पाचव्यात नारिंगी. वहिनी खूश. दादा तर फारच खूश. कारण जानेवारीत हळदीकुंकू होतं, आणि पन्नासेक बायका त्या टाकीपुढून जाणार होत्या.

आता इथे रंगांबद्दल सांगायलाच हवं. प्रवाळाचे जांभळे, गुलाबी, चमकते हिरवे रंग शैवालाचे नसतात, ते प्राण्याचे स्वतःचे. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा मूळ नमुना जेलीफिशमध्ये सापडला. त्यावर २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. तांबड्या चमकणाऱ्या प्रथिनाचा शोध मात्र १९९९ मध्ये डिस्कोसोमा नावाच्या प्रवाळाच्या भावंडात लागला, जो जगभरच्या हौशी टाक्यांत ढिगाने असतो. दादाकडेही होता, फिल्टरच्या कोपऱ्यात, कुणाचं लक्ष नसलेला. या रंगांपैकी बरेचसे उथळ पाण्यात छत्रीचं काम करतात: वरून येणारा मारा अडवून आतल्या शैवालाला सावली देतात. म्हणजे टाकीत आपण ज्याला सौंदर्य म्हणतो ते पुष्कळदा उन्हाळ्यात डोक्याला बांधलेलं उपरणं असतं.

हळदीकुंकवाच्या दहा दिवस आधी दादाने वेळापत्रक मोडून दिवे एकदम पंधरा टक्क्यांनी वाढवले. डोळ्याला काहीच फरक नव्हता, त्यामुळे त्यालाही काही वाटलं नाही. त्या दिवशी सगळ्यात वरच्या खडकावरचा एक अ‍ॅक्रोपोरा असा काही निळसर-जांभळा पेटला होता की बायका तिळगूळ हातात घेऊन त्याचेच फोटो काढत होत्या. "अय्या, प्लॅस्टिकचा वाटतोय!"

काका खुर्चीवरून उठून काचेजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. गर्दी पांगल्यावर मला म्हणाले, "बापू, हे रंगात आलेलं नाही वाटत मले. मिर्चीचं पान जयाच्या आधी असं चमकते."

मी त्या रात्री शोधलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रवाळ प्रयोगशाळेने, यॉर्ग वीडनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०२० साली नेमकं हेच मांडलं होतं. प्रवाळावर ताण आला की शैवाल बाहेर पडतं. शैवाल गेलं की आतल्या पांढऱ्या सांगाड्यावरून उजेड पुन्हा पुन्हा परावर्तित होतो, मारा आणखी वाढतो, आणि ताण फार तीव्र नसेल तर प्रवाळ घाईने रंगीत प्रथिनांची छत्री उघडतो, भाडेकरूंना परत यायला जागा राहावी म्हणून. सरसकट पांढरं पडण्याऐवजी तो भडक रंगात न्हाऊन निघतो. दादाच्या अ‍ॅक्रोपोराचं जे झालं ते यातलंच असावं. दोन दिवसांनी फांद्यांच्या मुळाशी पांढरा पट्टा दिसायला लागला.

दादाने दिवे खाली आणले, आम्ही तो तुकडा उचलून तळाशी सावलीत नेला. उजेडातून सावलीत जाणं प्रवाळाला तुलनेने सोसतं; सावलीतून उजेडात जाणं अवघड. (मुंबईत कोस्टल रोडसाठी २०२० च्या नोव्हेंबरात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती हलवल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने. दूरच्या कुठल्या सुंदर, स्वच्छ समुद्रात नेल्या नाहीत. हाजीअली आणि नेव्ही नगरच्या, म्हणजे तशाच गढूळ मुंबईच्या पाण्यात नेल्या. आता त्यातलं शहाणपण कळतं.) सहा आठवड्यांनी अ‍ॅक्रोपोरा तपकिरी झाला. वहिनी म्हणाली, "शी, मातकट दिसतोय." काका म्हणाले, "जगला."

कॉलेजात असताना आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करतात, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्यात डोकं घालून वर आलेल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं: "फोटोत दाखवतात तसं नाहीये यार, सगळं मातकट." किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत अँग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथलं पाणी नितळ, तिथले फोटो बघण्यासारखे. मालवणच्या प्रवाळाला मात्र पावसाळाभर गढूळ पाणी, मग हिवाळ्यात पुन्हा उजेड. दरवर्षी उजेड जातो, दरवर्षी परत येतो. तो मातकट रंग म्हणजे भरलेलं घर आहे, हे तिथले बोटवाले पर्यटकांना सांगतील तर किती बरं होईल.

त्याच मालवणात टर्बिनारिया मेसेंटेरिना नावाची एक जात आहे, आणि तिचीच एक वसाहत दादाच्या टाकीत होती. पिवळसर, पत्रावळीसारखी. आकार बदलण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. खोल, कमी उजेडात ही आडवी पसरते, पडेल तो कण झेलायला. उथळ, भरपूर उजेडात तिचे काठ उभे राहतात, कोबीच्या पानांसारखी वळकट्या-वळकट्यांची होते, म्हणजे एका पानाची सावली दुसऱ्यावर पडते. बेट विलिस या बाईंनी ऑस्ट्रेलियात हिच्या वसाहती एका खोलीवरून दुसऱ्या खोलीवर नेऊन लावल्या आणि त्या नव्या जागेप्रमाणे आकार बदलतात हे १९८५ मध्ये दाखवून दिलं. पण बदलतो तो फक्त नवा वाढलेला काठ. जुना सांगाडा दगड असतो, तो आहे तसाच राहतो. एकाच वसाहतीत आत जुन्या उजेडाचा आकार आणि बाहेर नव्याचा.

मार्चमध्ये ग्रीन कार्डाचे फॉर्म टेबलावर आले. दादा म्हणाला, "बाबा, आता तर तुम्हाला सगळं जमतं. बस कळते, लायब्ररी कळते, मायक्रोवेव्ह कळतो." आणि ते खरंच होतं. काका एकटे लायब्ररीत जायचे, देवळातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये पत्ते खेळायचे. मी तिथेच होतो, उठून खाली जावं की बसावं ते कळेना.

काका म्हणाले, "सवय तं झाली रे. सवय होनं येगळं अन् करमनं येगळं."

दादा काही बोलला नाही. त्याने फॉर्म गोळा केले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. फाडले नाहीत. दोन दिवस घरात सगळे एकमेकांशी जरा जास्तच सभ्यपणे बोलत होते. मला दोघांचंही पटत होतं, आणि अजूनही पटतं. वीस वर्षांनी माझ्या घरात हेच टेबल असेल का, हा विचार मी त्या दोन दिवसांत बर्‍याचदा केला.

काका एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत गेले. सहा महिने न्यू जर्सीचा हिवाळा आणि मग थेट वऱ्हाडातलं एप्रिलचं ऊन! पहिला आठवडाभर फोनवर तक्रार: "डोये दिपून रायले, अकरानंतर बाहेरच निघता येत नाही." मी म्हटलं, काका, चाळीस टक्क्यांपासून सुरू करा. तर हसले. मग सकाळी सात ते नऊ, मग दहापर्यंत, असं करत मृगाच्या आत शेतात जायला लागले. बटईवाल्याशी बोलून दोन एकर परत स्वतःकडे घेतले, तूर आणि मूग.

मे महिन्यात माझं ऑनसाइट संपलं, मी पुण्यात परत आलो. अ‍ॅक्रोपोरा आता अर्ध्या उंचीवर आहे, बराचसा तपकिरी आणि टोकांना थोडा निळा. तो वर न्यायचा नाही असं ठरलंय. टर्बिनारियाचं मात्र अजून चालू आहे. दादा दर महिन्याला काठाशेजारी पट्टी धरून फोटो पाठवतो, मी तो काकांना पाठवतो, आणि दहा मिनिटांत फोन येतो, "काठ उभा रायला का?" मागच्या फोटोत डावीकडचा काठ दोन बोटं वर वळलेला दिसतोय. उजवीकडचा अजून आडवाच आहे.